फिल्टर कोरडाच लावायचा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोलच्या गाडीत असते. डिझेलच्या इंजिनात हवाच इतक्या जोरानं दाबतात की ती दाबानं तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. आर्मीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये उस्तादांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, कोरेगावहून नुकताच आलेलो, आणि मला ते काही केल्या पटेना. मी हात वर करून विचारलं, "उस्ताद, आग कौन लगाता है?" सगळी तुकडी हसली. उस्ताद हसले नाहीत. ते म्हणाले, "कोई नहीं लगाता. यही तो बात है."

आज साठी उलटली. हजारो इंजिनं हाताखालून गेली असतील. तरी थंड पडलेलं डिझेल इंजिन पहिल्यांदा धडधडतं तेव्हा मी क्षणभर हातातलं काम थांबवतो. देवळात काहींचं होतं ते माझं बोनेटपाशी होतं, असं आमच्या घरी म्हणतात आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत.

इथं उत्तरेतल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम चंडीमंदिर छावणीतल्या एका मेजरसाहेबांच्या मिसेस बघतात. त्यांनी फोन करून सांगितलं, "काका, नोकरीतलं काहीतरी लिहा, पण लढाईचं नको, ते सगळेच लिहितात." मी म्हटलं, "मॅडम, मी लढाई केलीच नाही. मी ट्रक दुरुस्त केले." त्या म्हणाल्या मग ट्रकबद्दल लिहा. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "फिल्टरबद्दल लिहा. दुसरं बोलता काय तुम्ही?" तिचं बरोबर आहे. म्हणून फिल्टरबद्दल लिहितो.

ट्रकच्या टाकीतलं डिझेल स्वच्छ दिसतं, पण तसं नसतं. त्यात गंजाचे कण असतात, धूळ असते, पाणी तर असतंच. हे सगळं इंजिनात जाऊ नये म्हणून वाटेत दोन फिल्टर बसवलेले असतात. पहिला पाणी आणि मोठा कचरा अडवतो, दुसरा बारीक कचरा. फिल्टर उघडून पाहिला तर आत काय असतं? घड्या घातलेला कागद. फुटभरही उंची नसलेल्या डब्यात बसवलेला कागद. आणि तो कागद जे अडवतो ते डोळ्यांना दिसत नाही. केसाच्या जाडीचे दहा-पंधरा भाग करा, त्यातल्या एका भागाएवढा कण तो पकडतो. चाळीस टनांची गाडी शिमल्याचा चढ चढते ती या कागदाच्या भरवशावर. मला हे अजून नीट पचलेलं नाही.

फिल्टर बदलणं हे मोठं काम नाही. आजूबाजूची जागा आधी फडक्यानं पुसायची, खाली भांडं ठेवायचं, पट्ट्याच्या पान्यानं जुना फिल्टर सोडवायचा. त्याची रबरी रिंग वर चिकटून राहिली नाही ना ते बोटानं चाचपायचं. राहिली आणि वर नवीन चढवली तर हवा खेचते. नव्या रिंगला बोटानं थोडं स्वच्छ तेल लावायचं, हातानं आवळायचं, टेकल्यावर पाऊण फेरा अजून, बस्स. खरी गंमत पुढं आहे. नवा फिल्टर रिकामा असतो, म्हणजे त्यात हवा असते, आणि डिझेलच्या वाटेत हवा शिरली की इंजिन लागत नाही. ती हवा काढायला फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा हातपंप असतो. तो दाबत राहायचं आणि बाजूचा हवेचा स्क्रू ढिला ठेवायचा. आधी नुसता फुसफुस आवाज, मग फेस, मग बुडबुडे, मग शेवटी सलग धार. धार आली की स्क्रू बंद. यात कधी शंभर दाब लागतात, कधी दोनशे. अंगठा सुजतो.

म्हणून आम्ही जुने लोक एक युक्ती करायचो. नवा फिल्टर आधीच कॅनमधल्या डिझेलनं काठोकाठ भरायचा आणि मग चढवायचा. आत हवाच नाही, मग काढायची कुठून? एका सेल्फमध्ये इंजिन सुरू. लडाखला कॉन्व्हॉयमध्ये मागं तीस गाड्या खोळंबलेल्या असताना, बोटं बधिर झालेली असताना, ही युक्ती म्हणजे जीव की प्राण. आमच्या उस्तादांनी शिकवली, मी माझ्या हाताखालच्या पोरांना शिकवली. कोण किती झटकन फिल्टर बदलून एका सेल्फमध्ये गाडी उठवतो यावर वर्कशॉपमध्ये चहा लागायचा. मी तो चहा फार प्यालो आहे. त्या जुन्या इंजिनांना हे चालून जायचं. त्यांचं पोट दणकट होतं.

निवृत्त झालो तेव्हा शेवटचं पोस्टिंग चंडीमंदिरला होतं. मुलीची शाळा इथं रुळली होती, ती मराठीत प्रश्न विचारला की हिंदीत उत्तर द्यायला लागली होती, म्हणून जवळच्याच खरड गावात छोटं घर घेतलं आणि ट्रान्सपोर्ट एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. नवी इंजिनं हळूहळू यायला लागली. त्यांच्यात डिझेल अशा दाबानं सोडतात की त्या फवाऱ्यापुढं बोट धरलं तर कातडी भेदून आत जाईल. फवारा सोडणारा जो भाग, इंजेक्टर, त्याची भोकं डोळ्यांना धड दिसत नाहीत. पिस्टनच्या एका हेलपाट्यात तो तीन-चारदा उघडतो आणि मिटतो. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरी जेवताना दोन वेळा सांगितलं. बायको म्हणाली, "भाजीत मीठ आहे का तेवढं सांगा."

इंजिन नवं झालं. मी मात्र जुनाच राहिलो, आणि ते मला कळलं नाही.

गुरमेल सिंग त्याच सुमाराला यायला लागला. पन्नाशीकडं झुकलेला, कमी बोलणारा, स्वतःच्या दहा चाकी ट्रकचा स्वतःच ड्रायव्हर. हिमाचलहून सफरचंदं आणायचा, जाताना सिमेंट न्यायचा. गाडी नवी, नव्या इंजिनाची, आणि तिला तो इतकं जपायचा की केबिनमध्ये चप्पल काढून बसायचा. एका दुपारी फिल्टर बदलायला आला. मी सवयीप्रमाणं माझा निळा कॅन काढला, फिल्टर काठोकाठ भरला, चढवला आणि त्याला म्हटलं, "सेल्फ मार." एका सेल्फमध्ये गाडी सुरू. गुरमेल हसला, "वाह उस्ताद जी, हाथ में जादू है." मी छाती फुगवून हात पुसले.

तीन आठवड्यांनी तो परत आला. गाडी टो करून आणली होती. इंजेक्टर गेले होते, एक नाही, सगळे, आणि सोबत डिझेलवर दाब आणणारा मोठा पंपही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं की आत कचरा गेलाय. तो मला म्हणाला, "उस्ताद जी, पंपवाले ने मार दित्ता. गंदा तेल भर दिया." मी म्हणालो, "हां, आजकल तेल ऐसा ही आता है." त्या वेळी मला खरोखर तसंच वाटत होतं.

त्याच संध्याकाळी नव्या फिल्टरचा एक डबा फोडताना त्यावरच्या चित्राकडं लक्ष गेलं. कॅनमधून फिल्टरमध्ये तेल ओतणारा हात, आणि त्यावर लाल फुली. तीस वर्षं फिल्टर बदलणारा माणूस डब्यावरचं वाचतो होय? मी ते चित्र बघत उभा राहिलो. मग निळा कॅन उलटा करून पांढऱ्या फडक्यावर निथळला. बुडाशी काळसर गाळ होता, पीठ चाळल्यावर उरतो तसा. फिल्टर वरून ओतून भरला की ते तेल कागदाच्या पलीकडं, स्वच्छ बाजूला पडतं. म्हणजे त्यातला कचरा कुणीच अडवत नाही. तो सरळ इंजेक्टरमध्ये जातो. ज्या कागदावर माझा एवढा विश्वास, त्याला मी माझ्या हातानं वळसा घातला होता.

त्या दिवसापासून एकही फिल्टर भरून लावला नाही. पण गुरमेलला सांगितलं का? नाही. उद्या सांगू म्हटलं. मग तो दिसेना. मग कळलं की दुरुस्ती झेपली नाही, गाडी विकली आणि तो कुठंतरी पगारावर ड्रायव्हर लागला. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो. लाज वाटते, पण वाटलं होतं.

तीन वर्षांनी त्याचा फोन आला. मी तोवर वर्कशॉप सोडलं होतं. गुडघे ऐकत नाहीत, म्हणून स्कूटरवर हत्यारांची पेटी घेऊन बोलावलं तिथं जायचो. जून महिना, सकाळचे अकरा. "उस्ताद जी, मुल्लानपूर में खडा हूं. मिक्सर बंद हो गया. भरा हुआ है. आप आ जाओ." मागं कुणीतरी ओरडत होतं.

काँक्रीट वाहून नेणारी गाडी सगळ्यांनी पाहिली आहे. पाठीवर मोठा पिंपासारखा ड्रम सतत फिरत असतो. तो फिरणं थांबलं की आतलं काँक्रीट जमायला लागतं. प्लांटवर भरल्यापासून फार तर दीड-दोन तास, जूनच्या उन्हात त्याहून कमी. काही मिक्सरना ड्रम फिरवायला वेगळं इंजिन असतं. या गाडीला नव्हतं. ट्रकचं इंजिन बंद म्हणजे ड्रम बंद. आणि आत जमलं तर माणसं ड्रमच्या पोटात उतरवून ते फोडून काढावं लागतं. मी एकदा तसे उतरलेले लोक बाहेर येताना पाहिले आहेत. त्यांना बराच वेळ काही ऐकू येत नव्हतं.

फिल्टरचा दिवा लागला होता हे त्यानं फोनवरच सांगितलं. दोन्ही फिल्टर माझ्याकडं होते. पोचलो तेव्हा नव्या इमारतींच्या मधल्या कच्च्या रस्त्यावर मिक्सर उभा, ड्रम ठप्प. शेजारी हेल्मेट घातलेली एक मुलगी घड्याळाकडं बघत होती. माझ्या पेटीवरचं मराठी नाव वाचून ती एकदम म्हणाली, "काका, तुम्ही मराठी? मी कडू, अमरावतीची. साइट इंजिनियर. लवकर करा नं." तिनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. गाडी भरून तासावर दहा मिनिटं झाली होती आणि ड्रम थांबून अर्धा तास. दुसऱ्या मिक्सरच्या नळ्या जोडून ड्रम फिरवता येतो, पण तो जोडणारा माणूस राजपुऱ्याला, तासाभराच्या वाटेवर होता. "आणि काका, ड्रम जमला तर या पाजींना आजच घरी पाठवणार. मॅनेजर बोलून गेलेत. फिल्टरचा दिवा लागलेला असताना गाडी का काढली, म्हणतात."

"मैंने बोला था लाइट जल रही है," गुरमेल म्हणाला. "बोले, एक चक्कर मार ले." एवढंच. दाढी पांढरी झाली होती. नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार, हे तिघांनाही माहीत होतं.

पहिला फिल्टर सोडवला तर त्यात अर्धं पाणी. साइटवरच्या बॅरलमधलं डिझेल. दुसरा काळाकुट्ट, चिकट. दोन्ही उतरवले, रिंगा तपासल्या. नवा फिल्टर हातात घेतला आणि गुरमेलनं माझ्यापुढं कॅन धरला.

"भर के लगा दो उस्ताद जी. मैंने बहुत सेल्फ मारे हैं, बॅटरी में जान नहीं है. एक सेल्फ में उठानी पडेगी."

त्याचं चूक नव्हतं. बॅटरीत फार तर तीन-चार प्रयत्नांचा जीव होता. हातपंपानं हवा पूर्ण गेली नाही आणि बॅटरी बसली, तर सगळंच बसलं.

"नहीं," मी म्हणालो. "सूखा ही लगेगा."

"टाइम नहीं है. पहले तो आप भर के ही लगाते थे. मेरी गड्डी में भी भर के लगाया था."

"हां," मी म्हणालो. "इसीलिए तेरी गड्डी गई."

हे मी ठरवून बोललो नाही. तीन वर्षं जीभ रेटली नव्हती आणि आता घड्याळ चालू असताना तोंडातून निघून गेलं. निघालंच होतं, तर मी पुढचंही सांगितलं. पंपवाल्याचं तेल बरं असेल नाहीतर वाईट, माझ्या कॅनमधला गाळ त्याच्या इंजेक्टरमध्ये गेला. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. आणि मी सांगितलं नाही.

कडूबाई घड्याळ बघायची थांबली. गुरमेल माझ्याकडं पाहत होता. मला वाटलं, आता हा मारेल. मारलं असतं तर मी काही म्हणालो नसतो. त्यानं कॅन खाली ठेवला. माझ्या हातातला फिल्टर घेतला, उन्हाकडं करून आत डोकावला, आत काही नाही याची खात्री केली, आणि परत माझ्या हातात दिला.

"लगाओ," तो म्हणाला.

दोन्ही फिल्टर कोरडे चढवले. हवेचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप दाबायला लागलो. साठ-सत्तर दाबांनंतर अंगठा लटपटायला लागला. गुरमेलनं माझा हात बाजूला केला आणि स्वतः दाबू लागला, एकसारखा, न थांबता. मी स्क्रूपाशी कान नेऊन बसलो. फुसफुस. मग फेस. फेसानंतर बुडबुडे यायला लागले, एकामागून एक, आधी वाटाण्याएवढे, मग मोहरीएवढे. अशी कामं मी आयुष्यभर केली, पण बुडबुड्यांकडं इतकं एकटक कधी पाहिलं नव्हतं. एकेक बुडबुडा म्हणजे आत उरलेली हवा, आणि तेवढ्याशा हवेनं हे अवाढव्य धूड जागच्या जागी थांबवलं होतं. शेवटी धार आली, काचेसारखी. तरी मी त्याला अजून वीस दाब मारायला लावले. पंप दगडासारखा घट्ट झाला तेव्हा स्क्रू बंद केला.

तो केबिनमध्ये चढला. पहिल्या सेल्फला नुसतं घरघरलं. दुसऱ्या सेल्फला एक उचकी आली आणि थांबली. मी हात वर केला, थांब. पूर्ण एक मिनिट बॅटरीला विसावा दिला. ते मिनिट मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. कडूबाईनं डोळे मिटले होते. मग मी हात खाली केला.

तिसऱ्या सेल्फला एक सिलिंडर पेटला, मग दुसरा, गाडी थरथरली, पांढरा धूर निघाला, आणि इंजिन लागलं. कुणी आग लावली नव्हती. मी बाजूला झालो. गुरमेलनं ड्रमचा दांडा ओढला. आधी काहीच झालं नाही, आत नुसतं कण्हल्यासारखं वाजलं. मग तो एवढा मोठा ड्रम एक बोटभर सरकला, थांबला, परत सरकला आणि फिरायला लागला. आतलं काँक्रीट पहिल्यांदा धपकन पडलं तो आवाज मी छातीत ऐकला. मला रडू आलं. वयाचा परिणाम म्हणा.

स्लॅबला ते काँक्रीट गेलं नाही. कडूबाईनं नमुना काढून बघितला आणि मान हलवली. ते तिनं साइटच्या कच्च्या रस्त्यावर ओतायला लावलं. पण ड्रम वाचला होता, आणि मॅनेजरला फोनवर ती माझ्यासमोर म्हणाली की ड्रायव्हरनं ड्रम वाचवला. माझं नाव तिनं घेतलं नाही. ते मला आवडलं.

ड्रम धुऊन निघताना गुरमेल माझ्यापाशी थांबला. इंजिन चालूच होतं. "तीन साल मैं उस पंपवाले को गाली देता रहा, फौजी साब," तो म्हणाला. उस्ताद जी म्हणाला नाही, ते मला लगेच लागलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तोवर त्यानं गिअर टाकला होता.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी दोनदा केला. त्यानं उचलला नाही. तिसऱ्यांदा करायचं धाडस झालं नाही.

दसऱ्याच्या आसपास एक अनोळखी ड्रायव्हर टिपर घेऊन खरडमध्ये माझ्या घराशी येऊन उभा राहिला. फिल्टर बदलायचा होता. कुणी पाठवलं विचारलं, तर म्हणाला, "गुरमेल पाजी ने. बोले, फिल्टर सिर्फ फौजी से बदलवाना."

"और क्या बोला?"

"बोले, एक बार बडी गलती कर चुका है, अब नहीं करेगा. और अपने मुंह से बताई थी."

मी विचारलं की गुरमेल स्वतः का येत नाही. ड्रायव्हर जरा घुटमळला, चावी बोटात फिरवत राहिला.

"मैंने भी पूछा था, अंकल जी. बोले, तेल का काम उससे अच्छा कोई नहीं करता. पर मिलने का अभी मन नहीं है."

मी मान हलवली आणि त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.